खोडव्याचा नफा

डेटा सेंटरसाठी नेटवर्कचे स्विच विकणाऱ्या अरिस्टा नेटवर्क्स या अमेरिकी कंपनीचे तिमाही निकाल आले की आमच्या घरात दोन तट पडतात. भाचा सांता क्लाराला असतो. त्याच्याकडे या कंपनीचे थोडे शेअर होते, आणि थोडे थोडे म्हणता त्याची निम्मी बचत त्यात जाऊन बसली आहे. धाकटा भाऊ सांगलीत बसून अमेरिकेतले शेअर घेतो-विकतो, पण अरिस्टाला हात लावत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की भाचा आकडे वाचू लागतो: २०२४ची विक्री ७०० कोटी डॉलर, निव्वळ नफा २८५ कोटी, डोक्यावर कर्ज नाही. शंभराच्या विक्रीत चाळीस खिशात ठेवणारी दुसरी कंपनी दाखवा, मामा! भाऊ सगळं ऐकून घेतो आणि एकच शब्द टाकतो, सिस्को: नेटवर्कची यंत्रं विकणारी जुनी बडी कंपनी, जिच्या शेअरचा फुगा २००० नंतर फुटला. तिथून पुढे दोघांचे आवाज चढतात. हाच वाद मोठे विश्लेषक टाय लावून घालतात, एवढाच काय तो फरक.

मला दोघांचंही पटत नाही. तिमाहीचा नफा कंपनीच्या उद्याबद्दल फार थोडं सांगतो. नेटवर्क विकणाऱ्या कंपनीचा नफा तर पूर्वीच्या उशिरा पोचणाऱ्या पत्रासारखा असतो. लिहिलं तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा होता, पण आपल्या हातात पडेपर्यंत लिहिणारा गाव सोडून गेलेला असू शकतो. म्हणून आकडे फडकवणारा भाचा जितका चुकतो तितकाच, आकड्यांच्या उत्तरादाखल सिस्कोचा फुगा दाखवणारा भाऊही चुकतो. या वादात ज्या कंपनीचं नाव निघायला हवं ते कुणी काढतच नाही, आणि ते नाव आहे नॉव्हेल, कार्यालयांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं नेटवेअर हे सॉफ्टवेअर विकणारी.

आधी सिस्कोचं बघू. मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सर्वांत मोलाची कंपनी होती. त्या आर्थिक वर्षातला तिचा नफा २६७ कोटी डॉलर, आणि बाजार तिला त्या नफ्याच्या शंभरपटीच्या कितीतरी वर भाव देत होता. पुढच्या वर्षी तिने दोनशे कोटी डॉलरहून जास्त किमतीचा पडून राहिलेला माल खात्यातून पुसून टाकला, शेअर ऐंशी टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि २०००चा भाव पुन्हा दिसायला २०२५चा डिसेंबर उजाडला. भयंकर गोष्ट आहे, मान्य. पण त्या पंचवीस वर्षांत कंपनीचं काय झालं? २०२४च्या आर्थिक वर्षात तिचा नफा हजार कोटी डॉलरच्या वर होता. म्हणजे कंपनी मोडली नाही, भाव मोडला. सिस्कोची कथा चांगली म्हैस सोन्याच्या भावाने घेणाऱ्याची आहे. म्हैस दूध देतच राहिली. ‘या भावाने घ्यावं का’ या प्रश्नाला सिस्कोचा दाखला चपखल बसतो. पण आमच्या घरातला वाद शेअरच्या भावाचा नाही, ‘ही कंपनी पुढे चालेल का’ असा आहे. जानेवारी २०२५ मध्ये चिनी डीपसीकच्या स्वस्त एआयची बातमी आली त्या दिवशी अरिस्टाचा शेअर वीस टक्क्यांहून जास्त आपटला, आणि भावाने लगेच ‘बघ, सांगितलं होतं की नाही’ म्हणून फोन केला. एका दिवसात पाचवा हिस्सा किंमत गेली म्हणून कंपनीच्या धंद्यात त्या दिवशी काय बदललं होतं? काहीच नाही. भाव आणि धंदा ही दोन वेगळी जनावरं एकाच दाव्याला बांधली की असं होतं.

नॉव्हेल मला ऐकून माहीत नाही, हाताने माहीत आहे. १९९४ साली मी कोल्हापुरातल्या एका कॉम्प्युटर डीलरकडे होतो, आणि आमचं पोट नेटवेअरवर चालायचं. काळी कोॲक्सियल केबल, तिला टी आकाराचे कनेक्टर, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. मधला एक टी कुणाच्या पायाने हलला की अख्खी शाखा बंद. तालुक्याच्या गावातल्या एका सहकारी बँकेत आम्ही असं नेटवर्क बसवलं होतं. मॅनेजरच्या केबिनमागच्या बोळात, प्लास्टिकच्या आवरणाखाली सर्व्हर. त्याच्या काळ्या पडद्यावर एक लाल साप फिरत असे. नेटवेअरचा स्क्रीनसेव्हर होता तो: सर्व्हरवर भार वाढला की सापाची शेपटी लांबायची. बँकेतल्या कुणालाही प्रोसेसर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण साप सगळ्यांना कळायचा. व्याज टाकायच्या दिवशी हेडक्लार्क फोन करायचे, “साहेब, साप लई लांब झालाय, थांबू का?” मी म्हणायचो, पळतोय ना? मग थांबू नका. तो सर्व्हर महिनोन्‌महिने बंद न करता चालायचा. जिथे दिवसातून दोनदा लाइट जायची तिथे यूपीएसच्या जिवावर का होईना, पण हे सांगताना आजही ऊर भरून येतो.

आता खरी गोष्ट. १९९८ मध्ये त्या बँकेच्या संचालक मंडळाने फॉक्सप्रोतलं जुनं पॅकेज टाकून नवं घ्यायचं ठरवलं. नव्या पॅकेजवाल्याने सांगितलं, आमचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीवर चालतं. झालं. नेटवेअरविषयी चर्चासुद्धा झाली नाही. कुणाची तक्रार नव्हती, साप मजेत पळत होता; पण नेटवर्क कोणतं हे ठरवण्याचा अधिकार बँकेकडून पॅकेजवाल्याकडे गेला होता, आणि गेल्याचं बँकेलाही कळलं नव्हतं. नवं पॅकेज यायला दोन वर्षं लागणार होती. तोवर वायटूके, म्हणजे कॉम्प्युटरना २००० सालच्या तारखा न कळण्याचा घोळ, येऊन ठेपला. जुन्या आवृत्तीवर तारखांचा भरवसा नव्हता, म्हणून १९९९ मध्ये बँकेने नेटवेअरची वरची आवृत्ती घेतली. बिलाच्या प्रतीवर सही मीच घेऊन आलो. थोडक्यात, ज्या गिऱ्हाइकाने १९९८ मध्ये नॉव्हेलला सोडायचं ठरवलं होतं, त्याने १९९९ मध्ये नॉव्हेलला पूर्वीपेक्षा जास्त पैसे दिले. अमेरिकेतल्या विश्लेषकाच्या तक्त्यात हे गिऱ्हाईक कोणत्या रकान्यात पडलं असेल? अर्थात वाढीच्या.

आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात या कमाईला नाव आहे. उसाची लागण एकदा केली, पहिला ऊस तुटला, की बुडखा तसाच राखून त्याच्यातून पुन्हा पीक घेतात, तो खोडवा. त्याच्यानंतरचा निडवा. खोडव्याला नांगरट नाही, बेणं नाही, लागणीची मजुरी नाही. त्यामुळे टनेज कमी आलं तरी खर्च वजा जाता हातात बरे पैसे राहतात. नुसत्या नफ्याचं गणित मांडलं तर खोडवा लागणीपेक्षा हुशार वाटू शकतो. पण आमचे आप्पा दुसऱ्याचं रान बघायला गेले की टनेज विचारत नसत. वाकून सरीत बघत, नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, किती पडल्यात ते. आणि मग विचारत, “लागण कवा केलीस बाबा?”

नॉव्हेलची कहाणी या प्रश्नाशिवाय वाचली की हमखास चुकीची वाचली जाते. युटातली ही कंपनी रे नूर्डा यांनी १९८३ मध्ये हातात घेतली तेव्हा डबघाईला आली होती. दहा वर्षांत कार्यालयांतल्या नेटवर्कांपैकी निम्म्याहून जास्त तिच्या सॉफ्टवेअरवर चालू लागली. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी आणली, आणि आज सगळे शहाणे सांगतात की तिथेच नॉव्हेल संपली. तेव्हाचे आकडे तसं सांगत होते का? मुळीच नाही. एनटी आल्यावर दोन वर्षांनी, १९९५च्या आर्थिक वर्षात, नॉव्हेलची विक्री २०० कोटी डॉलरच्या वर गेली. त्यात वर्डपरफेक्टची भर होती. ती कंपनी १९९४ मध्ये सुमारे ८५ कोटी डॉलरला घेतली आणि १९९६ मध्ये सुमारे १२ कोटींना कोरेलला विकून टाकली. म्हणजे लागण केली, पण परक्या रानात. मग १९९७ मध्ये समजलं की विकलेला म्हणून दाखवलेला बराच माल वितरकांच्या गोदामात पडून आहे. तो उपसायचा म्हणून नवीन माल पाठवणं आवरलं, तर एका तिमाहीची विक्री आदल्या वर्षीच्या जवळपास चौथाईवर आली. वर्षाची विक्री १३७ कोटींवरून १०० कोटींवर, नफ्याच्या जागी पावणेआठ कोटींचा तोटा. शेअर सात डॉलरच्या आसपास.

त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतून एरिक श्मिट आले. हजारेक माणसं कमी केली, खर्च आवळला, १९९८ मध्ये नेटवेअर ५ आणली. त्यानंतरचे निकाल वाचून कुणालाही वाटलं असतं की गाडी रुळावर आली: १९९८ला दहा कोटींचा नफा, १९९९ला १९ कोटींचा. २०००च्या सुरुवातीला शेअर चाळिशीच्या वर गेला. आणि मे २०००मध्ये कंपनीने सांगितलं की ही तिमाही अपेक्षेइतकी जाणार नाही. त्या वर्षीचा नफा पाच कोटींच्या आत, पुढच्या वर्षी २७ कोटींचा तोटा. श्मिट २००१ मध्ये गूगलला गेले, आणि त्यांचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला भाच्याचाच आहे आणि तो खरोखर वजनदार आहे. १९९७ मध्ये सातच्या भावाने घेऊन २०००च्या सुरुवातीला चाळीसला विकणाऱ्याने पाच-सहापट पैसे केले; मग ‘आकडे सुधारताहेत, घ्या’ म्हणणारा बरोबरच ठरला की! हो, पैशाने तो बरोबर ठरला. पण त्याचं म्हणणं काय होतं? नॉव्हेल पुन्हा उभी राहतेय. ती उभी राहिली नाही. खोडवा जोरात आलेला असताना त्याने रान विकलं आणि घेणारा लागणीच्या भावाने घेऊन गेला. पैसे झाले ते रानामुळे नाहीत, घेणारा सरीत वाकला नाही म्हणून. आणि त्याने स्वतः विकलं नसतं तर? २०१० मध्ये अटॅचमेट कंपनीने नॉव्हेल २२० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, शेअरला ६ डॉलर १० सेंट रोख. तेरा वर्षं धरून बसलेल्याला मुद्दलसुद्धा धड मिळालं नाही.

दुसरा आक्षेप तंत्राचा, आणि तो माझ्या स्वतःच्या पोटातला आहे, कारण १९९९ मध्ये मीच तो चहाच्या टपरीवर तावातावाने मांडत होतो. नॉव्हेलची लागण नव्हती असं कसं म्हणता? तिची डिरेक्टरी, म्हणजे मोठ्या संस्थेतली सगळी माणसं, यंत्रं, प्रिंटर आणि त्यांचे अधिकार एका झाडात मांडणारी व्यवस्था, १९९३ मध्ये बाजारात होती. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली, म्हणजे सात वर्षांनी. नॉव्हेलची सरस होती हे त्या काळी तिचे शत्रूही मान्य करत. हे सगळं खरं. तरीही ती लागण जोमाने उगवली नाही. कारण चांगलं बियाणं कुणाच्या रानात पडतं यालाही किंमत असते. फाइल ठेवणं आणि छपाई करणं हे नेटवेअरचं मूळ काम, आणि तेच एनटीत घरचं म्हणून यायचं, वेगळं विकत घ्यावं लागायचं नाही. वर चालणारी हिशोबाची पॅकेजं, डेटाबेस लिहिणारी मंडळी एनटीकडे गेली, कारण नेटवेअरवर प्रोग्राम लिहिणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता. एक चूक झाली की सगळा सर्व्हर झोपायचा. इंटरनेट टीसीपी-आयपीवर वाढत होतं, आणि नेटवेअरने ती भाषा आपली म्हणून स्वीकारायला १९९८ उजाडवलं. आमच्या तालुक्यातल्या संचालकांना डिरेक्टरीचं झाड बघायला बोलावलंच कुणी नव्हतं. ते पॅकेज निवडत होते.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा पश्चातबुद्धीचा खेळ आहे. एखादी कंपनी मेली की मागे जाऊन लक्षणं सांगता येतात. मग आयबीएम का नाही मेली? १९९३ मध्ये तिचा तोटा ८०० कोटी डॉलरच्या वर होता. सगळ्यांनी तिरडीचं सामान आणलं होतं. याला माझं उत्तर एवढंच की आयबीएमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या वर्षीचा तो अजस्र तोटा तिच्या भविष्याबद्दल काही सांगत नव्हता, तसाच १९९९चा नॉव्हेलचा नफाही सांगत नव्हता. नफ्याला भुलू नका म्हणणारा माणूस तोट्याला घाबरा म्हणत नसतो. शेअर बाजाराच्या वादात मात्र ही गल्लत रोज होते. वाढ दिसली की भविष्य उज्ज्वल, घट दिसली की राम नाम सत्य.

मग अरिस्टा. वरून ती डबे विकते: डेटा सेंटरमधले स्विच, हजारो सर्व्हरना एकमेकांशी बोलवणारे. पण त्यातली चिप मुख्यतः ब्रॉडकॉमची, जी इतर कंपन्याही घेऊ शकतात. अरिस्टाची कमाई आहे ती तिच्या ईओएस या सॉफ्टवेअरची. ते न मोडता चालतं, एकाच घडणीचं आहे, आणि चालवणाऱ्या अभियंत्यांचा त्यावर जीव आहे. म्हणजे ही नॉव्हेलच्या जातीचीच कंपनी, फक्त डब्यात घालून दिलेली. जयश्री उल्लाळ २००८पासून ती चालवताहेत, आणि उत्तम चालवताहेत. प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. विक्रीतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा मायक्रोसॉफ्ट आणि मेटा या दोघांचा. उसाच्या भाषेत, ऊस घेणारे दोनच मोठे कारखाने. आणि त्यातल्या एका कारखान्याने स्वतःचं बेणं तयार करून २०१६ मध्ये ते गावात फुकट वाटलं आहे. सोनिक नावाचं ते खुलं सॉफ्टवेअर ब्रॉडकॉमच्या चिपवर, कुणाच्याही डब्यात चालतं. २०२२ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या हवाली केलं. मेटाकडेही स्वतःचं स्विचचं सॉफ्टवेअर आहे. वरच्या अंगाला एनव्हिडिया तिच्या जीपीयूबरोबर, म्हणजे एआयची गणितं करणाऱ्या चिपबरोबर, आपलाच इथरनेट स्विच घ्या म्हणते. जे तुम्ही विकता ते खालून कुणी फुकट देतंय आणि वरून कुणी जोडीला देतंय. माझ्या कानात तो १९९८चा पॅकेजवाला बोलू लागतो.

भाचा म्हणतो, मामा, तुमचं घड्याळ तपासा. सोनिक आल्यापासून २०२४पर्यंतच्या आठ वर्षांत अरिस्टाची विक्री ११३ कोटींवरून ७०० कोटींवर गेली. फुकटचं बेणं घरात असूनही मायक्रोसॉफ्ट अरिस्टाकडून माल घेते, याचा अर्थ काही असेल की नाही? आहे. आणि हा मुद्दा मी उडवून लावू शकत नाही. एआयच्या एका मोठ्या केंद्रात जीपीयूवर जो पैसा ओतलाय त्याच्यापुढे स्विचचा खर्च किरकोळ, आणि स्विच अडखळला तर तो सगळा महागडा जीपीयू हात बांधून बसतो. अशा ठिकाणी कोण चार पैसे वाचवायला जाईल? शिवाय नॉव्हेलचं नेटवेअर जे करायचं ते दहा वर्षांत साधं काम होऊन बसलं. इथे दर दोन वर्षांनी वेग दुप्पट होतोय, काम साधं व्हायला उसंतच मिळत नाही.

तरी एवढं विचारतो: ही वाढ अरिस्टाने ओढून आणली की सगळं रानच मोठं झालं? गावात पाटाचं पाणी आलं की आळशाचाही ऊस वाढतो. मी अरिस्टाला आळशी म्हणत नाही. म्हणतोय ते इतकंच, की पाण्याच्या वर्षीच्या टनेजवरून शेतकऱ्याची पारख होत नाही, आणि भाचा नेमकी तीच करतोय. दुसरं असं की नॉव्हेलची गिऱ्हाइकं लाखांनी होती, छोटी होती, आळशी होती. सोडून जायचं ठरवूनही त्यांना जायला वर्षं लागली. म्हणून तिचा नफा इतका दीर्घकाळ खोटं बोलू शकला. अरिस्टाची मोठी गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि कमालीची जागी आहेत. जुने स्विच ती उपटणार नाहीत, पण प्रत्येक नवं केंद्र म्हणजे नवी निवड. म्हणजे इथे नफा खोटं बोललाच तर फार दिवस बोलणार नाही. पण उघडं पडेल तेव्हा हळूहळूही पडणार नाही. माझ्या मते ही या वादातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि ‘सिस्को’ या शब्दात ती कुठेच बसत नाही. सिस्को म्हणणारा शेअरच्या भावाबद्दल बोलतोय, वाढ म्हणणारा पाण्याबद्दल बोलतोय. गिऱ्हाइकाच्या वतीने निवड कोण करतं आणि पुढच्या खेपेला कोण करणार, याबद्दल दोघंही गप्प.

रे नूर्डांनी एक शब्द रूढ केला होता, ‘कोऑपेटिशन’: ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याशीच सहकार्य. मायक्रोसॉफ्टबरोबर त्यांना ते काही जमलं नाही. दोन्ही कंपन्यांची पुढे कोर्टकचेरी झाली. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नॉव्हेलला तडजोडीपोटी ५३ कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली. मजा अशी की असा पैसाही ताळेबंदात येतो आणि त्या वर्षाचं चित्र साजरं दिसतं. आज अरिस्टाचं मायक्रोसॉफ्टशी जे नातं आहे ते याच शब्दाचं सुखी रूप आहे. सुखी आहे तोवर.

कुणी म्हणेल, एवढं सगळं सामान्य गुंतवणूकदाराला कसं कळणार? त्याला तिमाहीचा कागद मिळतो, तोच तो वाचणार. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मला टीव्हीवरच्या चर्चांचा राग येतो. अंदाजापेक्षा दोन सेंट जास्त कमावले की हारतुरे, एक सेंट कमी की दहावा. अंदाज कुणाचा? त्यांचाच. स्वतः काढलेल्या आकड्याशी कंपनीचा आकडा जुळला की नाही, याच्यावर तासभर बोलणाऱ्याला कंपनीबद्दल काय सांगायचंय? त्या एका तासात दहा मिनिटं जरी कुणी डेटा सेंटरमध्ये खरेदी ठरवणाऱ्या माणसाला बोलावलं, आणि ‘पुढच्या केंद्रासाठी तुमची नवी पोरं कशावर शिकताहेत’ एवढंच विचारलं, तरी पुष्कळ कळेल. १९९७-९८ साली कोल्हापुरात नॉव्हेलच्या परीक्षेला बसणारी पोरं कमी झाली आणि एनटीच्या क्लासला जागा मिळेना, हे आमच्या डीलरच्या दारातल्या पानवाल्यालाही दिसत होतं. न्यूयॉर्कमध्ये ते दिसायला मे २००० उजाडला.

नॉव्हेलची एक लागण मात्र खरोखर लागली होती, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. २००३च्या अखेरीस तिने सुसे ही जर्मन लिनक्स कंपनी २१ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. बाजाराने तेव्हा शेअर वर नेला आणि पुढे विसरून गेला. दर तिमाहीला लोक नेटवेअर किती घसरलं तेच मोजत बसले. नॉव्हेल अटॅचमेटकडे गेली, अटॅचमेट मायक्रो फोकसकडे, आणि २०१८ मध्ये मायक्रो फोकसने त्यातली एकटी सुसे २५० कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकायचा सौदा केला. अख्खी नॉव्हेल गेली होती त्याहून जास्त. लागण नॉव्हेलने केली, तोडणी तिसऱ्याच्याच नावावर झाली.

हे ऐकल्यावर भाचा पहिल्यांदाच थोडा गप्प बसला. मग म्हणाला, “बरं, अरिस्टाची लागण कुठे बघायची ते तरी सांगा.” दोन कारखान्यांच्या बाहेर, म्हटलं. २०१८ मध्ये तिने मोजो नेटवर्क्स घेतली. ही पूर्वीची एअरटाइट, वाय-फायवाली, जिचं बरंचसं संशोधन पुण्यात होत आलं. कार्यालयं, महाविद्यालयं, इस्पितळं अशा ठिकाणी वाय-फाय आणि छोटे स्विच विकायचे, जिथे गिऱ्हाइकं हजारो आहेत आणि त्यांच्यातल्या कुणाकडेच स्वतःचं बेणं नाही. २०२५ मध्ये ब्रॉडकॉमकडून व्हेलोक्लाउडही घेतली, तीही याच रानासाठी. ते रान अजून लहान आहे आणि तिथे सिस्को पाय रोवून बसलेली आहे. ते किती उगवलं, नांग्या किती पडल्या, हे मला बघायचंय. भाच्याने लगेच निकालाचा कागद उघडला आणि बोट वर-खाली फिरवत राहिला. विक्रीच्या तक्त्यात दोनच ओळी होत्या: वस्तू आणि सेवा.